प्रकल्प नोंदी: कोरडे डोळे, महिना तीनशे रुपये

३ फेब्रुवारी

कामाच्या रजिस्टरची मागची पानं या प्रकल्पाला दिली. नाव: डोळे. खर्चाची मर्यादा महिन्याला तीनशे, मुदत पावसाळा लागेपर्यंत.

अकोल्यात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, स्मरणिका, अधूनमधून एखाद्या निवृत्त मास्तरांचं आत्मचरित्र. दुपारी तीननंतर पडद्यावरचे अनुस्वार पुसट व्हायला लागतात. डोळे मिचकावले की परत जागेवर येतात, दोन शब्द वाचले की पुन्हा गायब. चष्म्याचा नंबर बदलून झाला, काही उपयोग नाही. आज नेत्रतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या की मिचकावल्यावर नजर साफ होणं हीच कोरड्या डोळ्यांची खूण. नंबरचा दोष असता तर मिचकावून काही झालं नसतं.

तपासण्या दोन झाल्या. पहिली शिर्मरची. १९०३ साली ऑटो शिर्मर या जर्मन डॉक्टरने काढलेली ही पद्धत आजही तशीच चालते: ५ मिमी रुंद, ३५ मिमी लांब गाळणकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि कागद किती भिजला ते मोजायचं. ५ मिमीच्या आत भिजला तर डोळ्यात पाणीच कमी. माझा १४ भिजला, म्हणजे पाणी आहे. दुसऱ्या तपासणीत डोळ्याला पिवळा रंग लावला, निळा उजेड पाडला आणि मिचकावून झाल्यावर डोळा उघडा ठेवायला सांगितला. अश्रूंचा थर फुटून काळे ठिपके दिसेपर्यंत किती सेकंद जातात ते त्या मोजत होत्या. दहाच्या वर हवेत. माझे चार.

पाणी आहे, पण टिकत नाही. टिकत नाही कारण वर तेलाचा थर नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथी सोडतात. वरच्या पापणीत २५ ते ४०, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. मॅडमनी खालची पापणी बोटाने दाबली आणि आरशात दाखवलं. स्वच्छ पातळ तेल यायला हवं, तिथे हिवाळ्यातल्या बाटलीतल्या खोबरेल तेलासारखं थिजलेलं पांढरं काहीतरी आलं. बघून कसंतरीच झालं, पण रोग पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का, हेही विचारलं. दोन्ही नाही. असतं तर श्योग्रेनच्या आजारासाठी (यात शरीर स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतं) रक्त तपासावं लागलं असतं. पाळी थांबल्यावर बायकांमध्ये ही तक्रार वाढते, तेव्हा वयाचाही वाटा धरावा लागेल. शेवटी म्हणाल्या, "थेंब लिहून देते ताई, पण नुसत्या थेंबांवर विसंबू नका."

प्रकल्पाचा नियम: एका वेळी एकच बदल. सगळं एकदम सुरू केलं तर गुण कशाने आला ते कळणार नाही आणि निरुपयोगी गोष्टीवर जन्मभर पैसे जातील.

५ फेब्रुवारी

मोजमापाशिवाय प्रकल्प कसला? डॉक्टर लोक ओएसडीआय नावाची प्रश्नावली वापरतात. बारा प्रश्न असतात: गेल्या आठवड्यात उजेड सहन झाला का, वाळू गेल्यासारखं वाटलं का, वाचताना, टीव्ही पाहताना, वाऱ्यात, एसीत त्रास झाला का. प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज गुणिले २५, भागिले जेवढ्या प्रश्नांची उत्तरं दिली तेवढे. १२ पर्यंत ठीक, १३ ते २२ सौम्य, २३ ते ३२ मध्यम, त्यापुढे तीव्र. माझी बेरीज २०, म्हणजे ४१.७. तीव्र. पोरगा म्हणतो, "आई, यात तरी पहिला नंबर कशाला?"

८ फेब्रुवारी

मेडिकलमध्ये गेले. चिठ्ठी घरी राहिली होती म्हणून "डोळ्यांचे थेंब द्या भाऊ" एवढंच म्हटलं. त्याने लाली घालवणारे थेंब पुढे केले. वेष्टनावर नॅफाझोलिन. हे डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकसवतं, डोळा काही मिनिटांत पांढराशुभ्र दिसतो, असर उतरला की लाली दुपटीने परत येते. ओलाव्याशी त्याचा संबंध नाही. शेजारच्या बाईंना त्याच काउंटरवर डेक्सामेथासोन असलेली बाटली मिळाली, तीही चिठ्ठीशिवाय. ते स्टेरॉइड. दोन दिवसांत आराम पडतो म्हणून लोक महिनोन् महिने घालत राहतात आणि डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. नावाच्या शेवटी '-सोन' किंवा '-सोलोन' दिसलं की बाटली खाली ठेवायची.

घरी येऊन चिठ्ठी घेतली आणि जनऔषधी केंद्रात गेले. तिथे ब्रँड विचारून उपयोग नाही, घटक सांगायचा: कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज (कृत्रिम अश्रूंतला ओलावा धरणारा घटक) ०.५ टक्के, १० मिली. मिळाली. नावाजलेल्या ब्रँडच्या निम्म्याहून कमी किंमत, आत तोच घटक, टक्केवारीही तीच.

बिनचिठ्ठीची म्हणून चालणारी आणखी दोन-तीन नावं लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कोणी काही गळ्यात मारणार नाही. हायप्रोमेलोज ०.३ टक्के, जुनं आणि स्वस्त, पण लवकर उतरतं. पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल एकत्र. सोडियम हायलुरोनेट ०.१ किंवा ०.१८ टक्के, महाग, पण जास्त वेळ टिकतं.

१० फेब्रुवारी

बाटलीचा हिशोब. एक थेंब साधारण ४० मायक्रोलिटरचा, म्हणजे १० मिलीत सुमारे अडीचशे थेंब. दिवसातून चार वेळा, दोन डोळे, रोजचे आठ. बाटली महिनाभर पुरते. वेष्टनावरही उघडल्यापासून महिनाभरात वापरून टाका असंच लिहिलंय. बाटलीवर पेनने उघडल्याची तारीख टाकली.

डोळ्यात एका वेळी फार तर ३० मायक्रोलिटर मावतं. तेव्हा दोन-दोन थेंब घालणारे लोक दुसरा थेंब गालाला पाजतात. पद्धत अशी: हात धुवायचे, खालची पापणी ओढून खळगा करायचा, बाटलीचं टोक पापणीला न लावता एक थेंब, डोळा अलगद मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबायचा. घातल्या घातल्या मिचकावत बसलं तर सगळं नाकातून घशात जातं.

टोक न लावण्याबद्दल मी घरात कडक आहे. २०२३ साली अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांमधून औषधांना दाद न देणारे स्युडोमोनास जंतू पसरले. १८ राज्यांत ८१ रुग्ण, चार मृत्यू, १४ जणांची नजर गेली. बाटल्या आपल्याकडे, तमिळनाडूत बनलेल्या होत्या. तिथे दोष मुळात बाटलीतच होता, पण घरात उघडी राहिलेली बाटलीही काही कमी नाही. सील पाहणं, मुदत पाहणं, आणि एक बाटली एकाच माणसाची. हे म्हणतात, "माझेही डोळे चुरचुरतात, दोन थेंब दे." दिले नाहीत. त्यांना त्यांची वेगळी आणून दिली.

२४ फेब्रुवारी

पंधरवड्याचा निकाल. थेंब घातल्यावर अर्धा तास स्वर्ग, मग परत वाळू. तेलच नाही तर पाणी टिकणार कसं? आता शेक.

तेल पातळ व्हायला पापणी ४० अंशांच्या आसपास गरम व्हावी लागते आणि आठ-दहा मिनिटं तशीच राहावी लागते. सगळी गोम या 'राहावी लागते'त आहे. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत कोमट होतो. पहिले काही दिवस थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन दोन रुमाल आलटून पालटून वापरले. जमतं, पण मांडीवर पाणी सांडतं आणि शांतपणे पडून राहता येत नाही. मग जुन्या सुती साडीची चष्म्याएवढी लांब पिशवी शिवली, आत मूठ-दीड मूठ कच्चे तांदूळ. मंद तव्यावर उलटसुलट करायची, मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहायची, तिथे सुखावली तरच डोळ्यावर. मध्ये ओला पातळ रुमाल. ही पिशवी दहा मिनिटं ऊब धरते. खर्च शून्य.

शेकल्या शेकल्या लगेच मालिश, तेल परत घट्ट व्हायच्या आत. वरच्या पापणीवरून खाली, खालच्या पापणीवरून वर, पापणीच्या कडेकडे. जोर नाही. मग उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने केसांची मुळं पुसायची. तयार वाइप्स मिळतात, माझ्या बजेटात बसत नाहीत. पातळ केलेला बेबी शाम्पू लावायचा सल्ला मॅडमनी मोडून काढला. त्याने म्हणे काहींचा थर आणखी बिघडतो.

२ मार्च

काजळ बंद केलं. पापणीच्या आतल्या कडेला आपण काजळ भरतो ना, त्याच रेषेवर ग्रंथींची तोंडं उघडतात. मॅडमनी भिंगातून पाहिलं तेव्हा काळे कण दिसले होते. लग्नकार्याला लावायचंच झालं तर पापण्यांच्या बाहेरून.

सासूबाईंना हे पटलं नाही. त्यांच्या मते काजळाने डोळे थंड राहतात आणि त्यावर रात्री एरंडेलाचा थेंब घातला की काम फत्ते. गंमत म्हणजे एरंडेल काही बाजारी थेंबांत खरंच असतं, तेलाचा थर भरून काढायलाच. पण ते शुद्ध केलेलं, निर्जंतुक, पाण्यात बारीक मिसळलेलं. कपाटातल्या बाटलीतलं जुलाबाचं एरंडेल वेगळं. समोरच्या काकूंनी गुलाबपाणी आणि मध सुचवला. मधाने डोळे झोंबतात आणि पाणी येतं, म्हणून लोकांना वाटतं साफ झालं. दोघींना हो म्हटलं आणि काही केलं नाही.

१५ मार्च

शेकाचा असर आज जाणवला. सकाळी उठल्यावर त्रास तसाच, पण दुपारी तीनचे अनुस्वार आता साडेचारपर्यंत टिकतात. मॅडम म्हणाल्या होत्या की शेकाचा गुण दिसायला दोन-तीन आठवडे जातात आणि लोक नेमके दहाव्या दिवशी सोडतात.

काल धुळवड. घराबाहेर गेलेच नाही.

सकाळचा त्रास जास्त, ही वेगळी गोष्ट आहे हे वहीत लिहिताना लक्षात आलं. दिवसभर वाढत जाणारा त्रास पडद्याचा. उठल्या उठल्या होणारा त्रास रात्रीचा. यांना सांगितलं की मी झोपल्यावर मोबाईलच्या बॅटरीने, उजेड तोंडावर न मारता, बाजूने पाहा. सकाळी अहवाल: "डाव्या डोळ्याची पांढरी रेघ दिसते. भीतीच वाटली मला." म्हणजे डावा डोळा पूर्ण मिटत नाही आणि बरोब्बर वर पंखा. पलंग भिंतीकडे सरकवला. झोपताना घट्ट जेल सुरू केलं, १ टक्क्याचं कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज. त्याने नजर धूसर होते म्हणून दिवसा नको. थेंब आणि जेल दोन्ही असतील तेव्हा आधी थेंब, पाच-दहा मिनिटं थांबून मग जेल.

२९ मार्च

सिट्रिझिन. धुळीने शिंका येतात म्हणून हिवाळा संपता संपता रोज रात्री एक घेतेय. ही गोळी नाकाचं पाणी आटवते तसं डोळ्याचंही आटवते. आपल्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं, त्यांनी नाकात मारायचा फवारा दिला. मनाने गोळी बंद केली नाही. कोणीच करू नये. नैराश्यावरच्या, रक्तदाबावरच्या, मुरुमांवरच्याही काही गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात, पण त्यांच्याकरता विचारायचं डॉक्टरांना, मेडिकलवाल्याला नाही.

११ एप्रिल

पत्रिकांचा सीझन. एकेका दिवशी पाच-सहा प्रूफं आणि प्रत्येकात चाळीस नातेवाईक. 'चि. सौ. कां.' तला एक टिंब हलला तर वरपक्षाचा फोन येतो.

माणूस मिनिटाला पंधराएक वेळा डोळे मिचकावतो, पडद्यासमोर ते पाच-सातवर येतं. त्यातही अर्धवट मिचकावणं जास्त: वरची पापणी मध्यापर्यंत येऊन परत जाते. पूर्ण मिटल्याशिवाय ग्रंथींवर दाब पडत नाही, तेल सुटत नाही. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब पाहायचा नियम सगळे सांगतात, कामाच्या घाईत कोण घड्याळ पाहतो? मी तो पत्रिकेला बांधला. प्रिंटची कमांड दिली की कागद बाहेर येईपर्यंत डोळे मिटायचे, हलकेच आवळायचे, उघडायचे, परत मिटायचे. प्रिंटर जुना आहे, बराच वेळ देतो. त्याचा पहिल्यांदाच फायदा झाला.

दुसरा बदल फुकटचा. मॉनिटर खाली दोन रिमच्या गठ्ठ्यांवर उभा होता, ते काढले. नजर थोडी खाली झुकली की डोळ्याचा उघडा भाग कमी होतो आणि वाफही कमी जाते. मानेचं म्हणाल तर दोन दिवस कुरकुरली, मग गप्प बसली.

२३ एप्रिल

पारा चव्वेचाळीस. वहीतल्या सगळ्या कमाईवर पाणी फिरेल असं वाटलं. पाणी फिरलं असतं तर बरंच होतं.

दोनशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणलं. बाहेर दुपारी १६ टक्के. खोलीत कूलर लावून, खिडकी फटीएवढी उघडी ठेवून ५४. वैदर्भीय माणसाला कूलरबद्दल काही सांगायला नको, पण डोळ्यांच्या हिशेबाने तो एसीपेक्षा सरस आहे, कारण एसी हवेतला ओलावा काढतो आणि कूलर घालतो. अट एक: झोत तोंडावर नको. समोर बसून ओली हवा खाल्ली तरी वारा डोळ्यातलं पाणी उडवतोच. जाळीच्या पट्ट्या छताकडे वळवल्या. रात्री यांची तक्रार की हवा लागत नाही. तडजोड म्हणून यांची बाजू कूलरकडे, माझी भिंतीकडे.

गाडीवरचा स्कार्फ. उन्हात नाक-तोंड घट्ट बांधून वर गॉगल लावतो ना आपण, तेव्हा श्वासाची गरम हवा वरून निसटते ती थेट डोळ्यावर. करोनात मास्कने हेच होत होतं. आता स्कार्फची वरची कड नाकाच्या हाडावर पिनेने घट्ट धरते. कडेने बंद असलेला गॉगल घेतला. त्याने या महिन्याचं बजेट मोडलं; पुढच्या महिन्यात वळतं करून घेईन.

९ मे

थेंब चारचे सहा झाले, काही दिवशी आठ. इथे थांबून लेबल वाचलं. प्रिझर्वेटिव्हचा प्रश्न याच टप्प्यावर येतो. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते हे रसायन. नेहमीचं बेन्झाल्कोनियम क्लोराईड जंतू मारतं, पण डोळ्याच्या वरच्या पेशींनाही दुखावतं आणि अश्रूंचा थर फोडतं. दिवसातून चारदा चालून जातं. त्याहून जास्त थेंब लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेली बाटली घ्यावी. स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स हे दुसरं प्रिझर्वेटिव्ह असलेली त्यामानाने सौम्य, उजेडात ते विघटित होतं. मे महिन्यापुरती प्रिझर्वेटिव्ह-मुक्त घेतली. साध्या बाटलीच्या दोन-तीन पट किंमत. पटत नाही, पण पत्रिकेच्या सीझनमध्ये डोळे चालले तर वसूल होते.

भावाने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणून दिल्या, दुकानात कोणीतरी डोळ्यांसाठी म्हणून खपवल्या. २०१८ साली अमेरिकेत यावर मोठी चाचणी झाली. पाचशेहून जास्त माणसं, वर्षभर, रोज ३ ग्रॅम ओमेगा-३, आणि दुसऱ्या गटाला ऑलिव्ह तेल. बरं दोन्ही गटांना वाटलं, पण दोन्हींत म्हणावा असा फरक निघाला नाही. दादा म्हणाला, "अगं, फुकट मिळालंय तर घे." घेते आहे. प्रकल्पाच्या खात्यात मात्र धरत नाही.

२६ मे

दुकानातल्या पोरीचा उजवा डोळा लाल, दुखतोय, उजेड सहन होत नाही, आणि ती माझी बाटली मागायला आली. हाकलली, थेट डॉक्टरकडे. कोरडेपणा बहुतेक दोन्ही डोळ्यांना असतो आणि त्यात चुरचुरतं, टोचतं. एकाच डोळ्यात ठणका, नजर कमी, घट्ट घाण, उजेडाची भीती, यातलं काहीही असलं तर त्यावर कुठलेच बिनचिठ्ठीचे थेंब नाहीत. तिच्या बुबुळाला जखम निघाली, शेतात तुराट्या बांधताना लागलेली. वेळेवर गेली.

१४ जून

पहिला नीट पाऊस काल झाला. यंत्रावर ७१. थेंब आपोआप तीनवर आले. प्रश्नावली पुन्हा भरली: बेरीज १०, म्हणजे २०.८. सौम्य गटात. यातलं श्रेय पावसाचं किती आणि शेकाचं किती, ते या महिन्यात सांगता येणार नाही. नियम तोडून दोन गोष्टी एकदम बदलल्या, पण पाऊस काही मला विचारून पडत नाही.

२१ जून

मॅडमकडे जाऊन आले. अश्रूंचा थर आता सात सेकंद टिकतो. पापणी दाबली, तेल आलं. अजून गढूळ, पण वाहतं. कायमचं बरं होणार नाही हे त्यांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, आज परत सांगितलं. शेक रोजचा, दात घासण्यासारखा. सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे डोळ्यातली सूज कमी करणारे थेंब सध्या नकोत. ते चिठ्ठीवरच मिळतात, महिनोन् महिने घ्यावे लागतात.

चार-साडेचार महिन्यांच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा गॉगलचा, त्याखाली मे महिन्याची बाटली. सगळ्यात जास्त गुण देणाऱ्या तीन गोष्टी, शेक, पलंगाची जागा आणि मॉनिटरची उंची, या रकान्यात शून्य आहे. एप्रिल-मे सोडून बाकी महिने तीनशेच्या आत बसले.

५ जुलै

डोळे यायची साथ या दिवसांत सुरू होते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर केवढी आली होती ते आठवतंय. बाटल्यांवर नावं टाकली, टॉवेल वेगळे केले, तांदळाची पिशवी फेकून नवी शिवली, कारण जुन्या तांदळात पोरकिडे झाले होते. प्रिझर्वेटिव्ह-मुक्त बाटली बंद, साधी जनऔषधीची परत, दिवसातून दोनदा.

पुढच्या भेटीत विचारायचं: डावा डोळा रात्री अजून थोडा उघडा राहतो, त्यावर कागदी चिकटपट्टी लावून झोपलं तर चालेल का. हिवाळ्यात शेक दोनदा करायचा का. आणि श्रावणात स्मरणिकेचं मोठं काम येतंय, अडीचशे पानं, सगळी लहान टाइपात. त्याआधी चष्म्याचा नंबर नव्याने तपासायचा, या वेळी डोळे ओले असताना.